भिंत पाठीनं बघावी

आमचे अप्पा भिंत पाठीनं बघायचे. डोळ्यांनी बघितलेल्या भिंतीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कुणाकडं लग्नाला गेलेलो असो नाहीतर मयतीला, आत जायच्या आधी अप्पा बाहेरच थांबणार, धोतराचा सोगा सावरणार, भिंतीकडं पाठ करणार आणि खांद्यापासून कमरेपर्यंत सगळी पाठ तिला टेकवून डोळे मिटून घेणार. नवख्या यजमानाला वाटायचं म्हाताऱ्याला भोवळ आली. तो तांब्या घेऊन धावायचा. मी सोबत असलो की खुणेनंच सांगायचो, काही नाही, घर बघताहेत.

मग निकाल लागायचा. तो चांगला असला तर "गार हाय पोटात" एवढंच. वाईट असला तर यजमानाच्या तोंडावर, "वरनं साजरी हाय, पण अंगाला खाती." एकदा तर एका माणसाच्या वास्तुशांतीला जेवायच्या आधी त्यांनी हे सांगितलं. त्या माणसानं पुढं वर्षभर आमच्या संस्थेत दूध घातलं नाही. मी अप्पांवर चिडलो, तर म्हणाले, मी खोटं बोललो असतो तर त्यानं दूध घातलं असतं, पण त्याला झोप लागली असती का?

अप्पा आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेचे चेअरमन आणि मी सेक्रेटरी. गाव तलवाड्याच्या अलीकडचं. त्यांचं पाळण्यातलं नाव सांगून उपयोग नाही, गावातसुद्धा ते कुणाला आठवत नव्हतं. मूळ धंदा कापडाचा. बाजारगल्लीत दुकान, लिंगायत घर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, छातीवर चांदीच्या डबीत लिंग, अंगावर पांढरं स्वच्छ धोतर आणि नेहरू शर्ट. गेवराई तालुक्यातल्या धुळीत तो माणूस एवढा पांढरा कसा राहायचा, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही.

दुकानात त्यांची एक रीत होती. दुकानातल्या उजेडात त्यांनी कापड कधी विकलं नाही. गिऱ्हाइकाला लुगडं पसंत पडलं की अप्पा गादीवरून उठायचे, लुगडं खांद्यावर टाकायचे आणि गिऱ्हाइकाला घेऊन सरळ रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. म्हणायचे, "दुकानातला उजेड माझ्या पगारावर हाय, तो माझ्यासारखंच बोलणार. उन्हात बघा." उन्हात गेल्यावर गुलाबी रंगाचा विटकरी व्हायचा, जरीचा काठ फिका दिसायचा आणि निम्मं गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जायचं. त्यांचा मुलगा कपाळाला हात लावायचा. गिऱ्हाईक रस्त्यावर नेलं की ते रस्त्यानंच निघून जातं, हे त्या बिचाऱ्याचं म्हणणं काही चूक नव्हतं. पण जे परत यायचं ते पिढ्यान्‌पिढ्या यायचं, हेही मी बघितलंय.

संस्थेत अप्पा खुर्चीवर बसले नाहीत. चेअरमनच्या खुर्चीवर फॅट मोजायच्या बाटल्या असायच्या. अप्पा बाहेर, दूध घालायला आलेल्या सभासदांच्या रांगेत, भिंतीला टेकून. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून नांदेना, कुणाच्या बोरला गढूळ पाणी लागलं, सगळं त्यांना तिथं कळायचं. मीटिंगची वेळ झाली की मला बाहेर जाऊन त्यांना हाताला धरून उठवावं लागे. संचालक मंडळ आत ताटकळत आणि चेअरमन बाहेर गप्पा हाणत! मला लई राग यायचा.

तर अशा माणसाच्या हातात संस्थेची नवी इमारत आली.

वर्षानुवर्षं आम्ही भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये दूध मोजत होतो. शेवटी स्वतःची जागा झाली, विटांचं बांधकाम उभं राहिलं, स्लॅब पडला, दारं-खिडक्या बसल्या. नेमका त्याच सुमाराला पावसानं दगा दिला. एक वर्ष गेलं, दुसरंही नुसतं तोंड दाखवून गेलं. इमारत उघड्या विटांची उभी होती आणि तिला बाहेरून काय लावायचं, एवढाच प्रश्न उरला होता. एवढाच म्हणतोय मी. त्या एवढ्याच प्रश्नानं आमच्या नाकी नऊ आणले.

व्हाइस चेअरमनना सगळे भाऊ म्हणत. गेवराईजवळ हायवेवर त्यांचा धाबा. माणूस कामाचा, धावपळीचा, जरा मिरवणारा. त्यांच्या डोक्यात निळी शीट बसली होती, ती चकचकीत, मोटारींच्या शोरूमला असते ती, मध्ये काच. "आपल्या संस्थेचं एलेव्हेशन हायवेवर उठून दिसलं पाहिजे," असं ते प्रत्येक मीटिंगला म्हणायचे. आमच्या गावातून हायवे दिसत नाही आणि हायवेवरून आमचं गाव दिसत नाही, हे सांगायची हिंमत कुणात नव्हती.

अप्पांना एलेव्हेशन हा शब्दच मान्य नव्हता. ते म्हणायचे, इमारतीला अंगरखा घ्यायचाय. अन् अंगरखा घ्यायचा तर ताग्यातून निवडून घ्यायचा.

भाऊंनी शहरातून शीटवाल्या कंपनीचा पोरगेला सेल्समन बोलावला. त्यानं बॅग उघडून रंगीत तुकडे मांडले, तेव्हा अप्पांना इतका आनंद झाला की मला वाटलं, झालं, भाऊंनी बाजी मारली. कासाराची पेटी उघडल्यावर बायका बसतात तसे अप्पा मांडी घालून बसले. रंग जातो का, धुवायचं कसं, शिवण कुठं येते, सगळं विचारलं. त्या पोरानं खुलून उत्तरं दिली. मग अप्पा उठले. चला म्हणाले, उन्हात.

एक मोठा तुकडा त्यांनी ओट्यावर उन्हात भिंतीला लावून ठेवला आणि आम्हाला चहाला नेलं. चहा झाला, पान झालं, गप्पा झाल्या. परत आल्यावर अप्पा त्या पोराला म्हणाले, जरा टेकून बसा. पोरगं बसलं आणि विंचू चावल्यासारखं उठलं. पण मनाचा मोकळा होता, स्वतःच हसायला लागला. म्हणाला, अप्पा, ही शीट बघायची असते, टेकायची नसते.

"आमच्याकडं भिंतीला दुसरं काम काय असतंय बाबा?" अप्पा म्हणाले. आणि मग भाऊंकडं वळून, "आत मी आन्‌ सेक्रेटरी बसतो. बाहेर गाव बसतं. कॅन घिऊन आलेला मानूस टेम्पो येईस्तवर कुठं टेकतो? भिंतीला. मंग भिंतीचं तोंड कुणाच्या पसंतीचं पाहिजे?"

भाऊंनी त्या पोराला तुकडे आवरायला सांगितलं, पण मनातली शीट काही गेली नाही.

त्यानंतर अप्पांनी मला मोटारसायकलवर जिल्हाभर फिरवलं. कुठं कुणी भिंतीला नवीन काही लावलं असं कानावर आलं की, काढा गाडी. गेवराईला हायवेवर एक काचेचं हॉटेल झालं होतं. अप्पा त्याच्यासमोर उभे राहिले, काचेत बघून टोपी सरळ केली आणि म्हणाले, "आरसा चांगला हाय. हॉटेल कुठंय?" युसूफ वडगावच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं सगळी दर्शनी बाजू गुळगुळीत टाइलनं मढवली होती. लांबून डोळे दिपत. जवळ गेलो तर चार-सहा टाइला गळून पडलेल्या. अप्पा त्या रिकाम्या चौकटींवर बोटं फिरवत "बटनं तुटली ह्याची" असं पुटपुटत होते, तेवढ्यात मालक तणतणत बाहेर आला. त्याला वाटलं, अतिक्रमणवाले मोजणीला आले. मी समजावतोय आणि अप्पा त्याच्याच भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभे! शेवटी त्यानंच आम्हाला चहा पाजला, आणि निघताना हळूच विचारलं, काय वाटतंय हो भिंतीला? अप्पांनी खरं ते सांगितलं. चहा पिऊन झाला होता म्हणून बरं.

हे सगळं हिंडून झाल्यावर अप्पांनी एक हुकूम सोडला. इमारतीच्या उगवतीच्या भिंतीवर प्रत्येक मालाचा एकेक पट्टा लावायचा. टाइलचा एक, चकचकीत ग्रॅनाईटचा एक, शहाबादी फर्शीचा एक, घडीव काळ्या दगडाचा एक आणि भाऊंच्या निळ्या शीटचाही एक. मध्ये थोडी जागा तशीच विटांची उघडी राहिली, कारण तिथं लावायला काही उरलं नव्हतं. दुपारनंतर त्या बाजूला सावली असते आणि संध्याकाळच्या दुधाला आलेलं गाव तिथंच बसतं. अप्पा रोज समोर लिंबाखाली बसून कोण कुठं टेकतं ते बघायला लागले. मी म्हटलं, सरळ विचारा की लोकांना. म्हणाले, तोंडाला विचारलं की मानूस भाऊचं मन राखतं, नाहीतर माझं. पाठ कुणाचं मन राखत न्हाई.

सगळा उन्हाळा हा उद्योग चालला. शीटला कुणी टेकलं की ती ढोलासारखी वाजायची, पोरं मुद्दाम पाठी आपटायची. टाइलवरून म्हातारे घसरायचे. काळ्या दगडापाशी मात्र जागा धरायला कॅन आधी जाऊन बसायचे आणि माणसं मागून यायची. अप्पांचं मन दगडावर ठरलं. मधल्या उघड्या पट्टीकडं त्यांनी लक्षच दिलं नाही. तिथं अंगरखाच नव्हता, बघायचं काय?

पण दगड लावायचा तर मागं सिमेंट, आणि सिमेंट म्हटलं की पाणी मारणं आलं.

त्या साली आमच्या भागात संस्थेची बोर तेवढी चालू होती, करंगळीएवढ्या धारेची. कॅन धुवायचे आणि उरलेलं पाणी हौदात सोडायचं, तिथून बायका भरून न्यायच्या. टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही. ठेकेदारानं दर्शनी भिंतीला पहिला हात मारला आणि संध्याकाळी बोरचा पाइप भिंतीवर धरला. अप्पा दुकानातून येत होते. एका बाजूला भिंतीवरून ओघळून मातीत जिरणारं पाणी, दुसऱ्या बाजूला हौदापाशी घागरी घेऊन बसलेल्या बायका. अप्पांनी जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, त्याची चावी काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. ठेकेदार म्हणाला, अप्पा, आज पाणी नाही मारलं तर गिलावा मरेल.

"मरू दे. तो तहानेनं रडत न्हाई," अप्पा म्हणाले.

काम थांबलं. आणि भाऊंना आयता मुद्दा मिळाला, कारण शीटला थेंबभर पाणी लागत नाही. नुसते स्क्रू मारायचे. खरं सांगतो, भाऊंचं बरोबर होतं. मंडळातल्या बहुतेकांना ते पटलंही. उद्घाटनाला पुढाऱ्यांनी वेळ दिली होती. वार्षिक सभेपर्यंत इमारतीच्या अंगावर काहीतरी चढलं पाहिजे, नाहीतर चेअरमन बदलायचा, अशी भाषा सुरू झाली. खुर्चीचं अप्पांना सुखदुःख नव्हतं, तिच्यावर ते बसलेच कुठं होते! पण ती दगडाची भिंत त्यांना हवी होती. वय झालं होतं, छातीत कळा यायच्या. एकदा मला म्हणाले, सेक्रेटरी, ह्याच पाठीनं ती भिंत बघायची हाय मला, दुसरी पाठ कुठून आणू? त्या दिवशी मी उगीच डेअरीच्या टेम्पोवाल्यावर खेकसलो.

मग ती विहीर आली.

सुंदराबाई आमची सभासद. नवरा केव्हाच वारला, एक मुलगा, दोन गायी, नाल्याकाठी थोडं रान आणि त्यात सासऱ्याच्या काळातली बांधीव विहीर. त्या विहिरीला पाणी नव्हतं, ह्या दुष्काळाच्याही आधीपासून ती आटत आली होती. त्या रानाकडून जाताना अप्पांनी मला गाडी थांबवायला लावली आणि सवयीनं विहिरीच्या काठाला पाठ टेकवली. टेकवली आणि डोळे मिटायच्या ऐवजी उघडले. घडीव काळा चिरा, एकावर एक बसवलेला, चुना नाही की सिमेंट नाही, नुसता कोरडा रचलेला.

"सेक्रेटरी, ह्या दगडाला पानी लागत न्हाई," अप्पा म्हणाले. "ह्यानं जन्माचं पानी आधीच पिलंय."

सुंदराबाईंच्या मुलाला विचारलं, तो एका पायावर तयार झाला, कागदावर सहीही केली. विहीर बुजवून टाकायचं तो कधीपासून म्हणतच होता. सुंदराबाई तेव्हा गायी घेऊन चारा छावणीत होत्या. छावणीत जनावरांबरोबर माणसालाही राहावं लागतं, तिथंच चूल, तिथंच झोप. मुलानं आईला विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आटलेल्या विहिरीबद्दल कुणाला काय विचारायचं, असं वाटलं असणार. ट्रॅक्टर गेला, वरचे थर उतरले, ट्रॉल्या आल्या. गवंड्यांनी भिंतीलगत कोरडे चिरे रचायला घेतले, फटीत दगडाच्या चिपा ठोकून. गुडघाभर काम झालं तेव्हा अप्पा जमिनीवर बसून त्याला टेकले. स्वतःच्या मुलाच्या लग्नातसुद्धा मी त्यांना एवढं खुशीत बघितलं नव्हतं. मंडळी, पाणी न लागता दगड! भाऊसुद्धा हसून म्हणाले, अप्पा, तुमी लई चिवट माणूस.

दुसऱ्या दिवशी सुंदराबाई आल्या.

छावणीत कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. तिथून चालत आल्या, पायाला शेण तसंच वाळलेलं. मुलाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. सरळ त्या गुडघाभर भिंतीपाशी गेल्या आणि एका चिऱ्यापुढं बसल्या. त्या चिऱ्याच्या कडेला घळ पडलेली होती, शेंदताना दोर घासून घासून पडते तशी. त्या घळीत त्यांनी बोट घातलं. आमच्याकडं विहीर आटली म्हणतात, मेली म्हणत नाहीत. आटलेल्या विहिरीवरही दिवाळीला पणती लागते. हे अप्पांना माहीत होतं, मला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं.

"अप्पा," सुंदराबाई म्हणाल्या, आवाज बिलकुल न चढवता, "पानी गेलंय. हीर कुठं गेलती?"

अप्पा उभे राहिले होते.

"उद्या पानी आलं तर त्यानं कुठं थांबावं? तुमच्या भिंतीला टेकून?"

भाऊ मध्ये पडले. म्हणाले, मावशी, तुमच्या पोरानं सही दिली आहे. ते चूक नव्हतं. पण अप्पांनी हात वर केला.

"पोराची सही हाय, पन हीर बाईची हाय," ते म्हणाले. "दुकानाच्या उजेडात सौदा केला मी. आयुष्यात पहिल्यांदा." मग गवंड्यांकडं वळून, "उतरवा."

सगळे चिरे परत ट्रॉलीत चढले. अप्पाही ट्रॉलीत चढले. मी म्हटलं गाडीवर चला, छातीचं दुखणं आहे, तर नाही म्हणाले. दगडांवर बसून धक्के खात रानात गेले आणि थर परत चढेपर्यंत डोक्यावर उपरणं घेऊन विहिरीच्या काठावर बसून राहिले. गवंडी कुरकुरत होते. उन्हानं अप्पांचं तोंड लालबुंद झालं होतं, पण उठवायची माझी छाती झाली नाही. कुणी शिक्षा भोगत असलं की त्यात लुडबूड करू नये.

शेवटी एक चिरा उरला.

गवंडी म्हणाले, होतं असं, उतरवून चढवलं की सांधे घट्ट बसतात. अप्पांना काही केल्या पटेना. खाली वाकून वाकून बघितलं, एक थर परत तपासायला लावला. जागा कुठंच रिकामी नव्हती. अप्पा त्या एका दगडापाशी असे उभे होते की सुंदराबाईंनाच दया आली.

"ऱ्हाऊ द्या अप्पा," त्या म्हणाल्या. "त्याची जागा घावंल."

मुलानं तो चिरा घरी नेऊन दाराशी ठेवला. त्यानंतर सुंदराबाई दूध घालायला आल्या की अप्पा न चुकता विचारायचे, घावली का जागा? त्या म्हणायच्या, अजून न्हाई. हळूहळू संस्थेत हा रोजचा विनोद होऊन बसला, पण अप्पा तो हसण्यावारी नेत नसत.

वार्षिक सभेत इमारत उघडीच होती आणि अप्पांचं चेअरमनपद गेलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, अप्पांच्या मांडीला मांडी लावून बसणाऱ्यांनी भाऊंच्या बाजूनं हात वर केले. त्यांना दोष देत नाही मी. पण भाऊंसाठी पहिला हात कुणाचा वर झाला असेल? अप्पांचा. म्हणाले, शीटला पानी लागत न्हाई, भाऊचं बरोबर हाय. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी जवळून बघितलंय, त्यांनी कितीही नाकारलं तरी.

दर्शनी बाजूला निळी शीट लागली. पुढारी आले, फीत कापली, छान दिसतंय म्हणाले, गेले. राहिली उगवतीची बाजू. शीट लावणारी माणसं शिड्या घेऊन संध्याकाळी तिथं गेली, तर गाव टेकून बसलेलं. उठा म्हटलं तर, टेम्पो आला की उठतो. टेम्पो आला, ते उठले, दुसरे बसले. दुसऱ्या दिवशी ती माणसं सकाळी आली, तर सकाळी उन्हातही लोक डोक्यावर पटका घेऊन बसलेले. कुणी विरोध केला नाही, कुणी घोषणा दिली नाही, नुसते पाठी टेकून बसले. शेवटी भाऊच हसत बाहेर आले आणि त्या माणसांना म्हणाले, ऱ्हाऊ दे बे, तिकडून कोन बघतंय.

मी पळत दुकानात जाऊन अप्पांना सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी डोळे बारीक करून एकच विचारलं, "कंच्या पट्ट्याला बसलेते?"

म्हटलं, सगळीकडं, पण जास्त गर्दी मधल्या उघड्या विटांना.

अप्पा गादीवर मागं रेलून हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, म्हंजे येवढे तागे उगाच उलगडले म्या!

पुढच्या साली पाऊस झाला. सुंदराबाईंनी निरोप धाडला, मी अप्पांना घेऊन गेलो. परत चढवलेल्या थरांपर्यंत पाणी आलं होतं. अप्पांनी काठाला पाठ टेकवली आणि बराच वेळ डोळे मिटून राहिले. मग विचारलं, घावली का जागा? सुंदराबाई म्हणाल्या, अजून न्हाई.

अप्पा थंडीच्या दिवसांत गेले, दुकानात, लोडाला टेकून. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, बसवतात. खड्डा खोदून त्याच्या एका अंगाला कोनाडा करतात आणि त्यात मांडी घालून बसवतात, पाठ मातीला टेकवून. गावाबाहेरची ती जमीन भुसभुशीत. कोनाड्याच्या मागची माती ढासळत होती, दोनदा चोपली तरी थांबेना. विधीला आलेले मठाचे स्वामी म्हणाले, मागं फळी लावा एखादी. फळी आणायला कुणी निघणार, तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. सुंदराबाईंचा मुलगा आणि दुसरा एकजण मिळून तो चिरा घेऊन येत होते.

मुलगा घामानं भिजला होता. दगड खाली ठेवून माझ्याकडं बघत म्हणाला, "आईनं दिलाय. म्हनली, अप्पाला सांगा, जागा घावली."

स्वामींनी होकाराची मान डोलावली. मी खाली खड्ड्यात उतरलो. दोघांनी वरून चिरा सोडला, तो मी कोनाड्याच्या मागच्या अंगाला नीट बसवला, बाजूनं चिपा ठोकल्या. अप्पांना खाली घेण्याआधी मी त्याच्याकडं पाठ केली आणि टेकून बघितला. गार होता.

मग अप्पांना बसवलं. पाठ नीट टेकली.